घोडा, आजी आणि फोर बाय फोर

सातारा-सांगलीकडच्या घरासाठी दणकट गाडी घेताय? मग शोरूममध्ये शिरण्याआधी आपल्याच वस्तीवरचा रस्ता एकदा नीट बघून या.

सोमवार ते शुक्रवार हिंजवडी आणि शुक्रवारी रात्री खंबाटकी घाट. नोकरी पुण्यात आणि घर सातारा-सांगलीकडे असलेल्यांचं हे टाइमटेबल ठरलेलं. गावाकडे आई-वडील, आजी, थोडी शेती आणि हौस असेल तर दारात एखादी घोडी. मग प्रमोशन होतं, ईएमआयचं गणित जमतं आणि ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये एकच चर्चा सुरू होते : फोर बाय फोर घ्यायची का? सांगली जिल्ह्यात तर बैलगाडी शर्यतीला पहिलं बक्षीस म्हणून ‘थार’ लागलीय. हवा होणारच की!

पण बॉस, बक्षिसात मिळालेली गाडी वेगळी आणि स्वतःच्या हप्त्यावर घेतलेली वेगळी. आपल्या गाडीला आजीला दवाखान्यात न्यायचंय, पोरांना जत्रेला न्यायचंय आणि येताना घोड्याचा भुसाही आणायचाय.

एक गाडी, तीन मुलूख

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक खूश असतात. त्यामुळे इथे ‘गावाकडचा रस्ता’ असा एकच रस्ता नाही.

साताऱ्याहून कास, बामणोलीकडे किंवा ठोसेघर, चाळकेवाडीकडे निघालात तर धुकं, जांभा आणि शेवाळलेला चढ. कऱ्हाडवरून खाली इस्लामपूर, सांगलीकडे आलात की कृष्णाकाठची काळी माती. ही माती भिजली की टायरच्या खाचांमध्ये घट्ट बसते आणि नवा कोरा टायर दहा पावलांत गुळगुळीत होतो. अशा वेळी चारही चाकांना ताकद मिळाली तरी चारही चाकं जागेवरच फिरतात. इथे आधी टायर बघायचे, मग बॅज. आणि तिसरा मुलूख म्हणजे विट्याच्या पुढे आटपाडी, म्हसवड, जतचा माळ. तिथे दगड, धूळ आणि ओढ्यातली वाळू.

शिवाय ऊस! कारखाने सुरू झाले की अरुंद रस्त्यावर समोरून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येतो. तेव्हा गाडीची ताकद नाही, रुंदी कामाला येते.

घोड्यांचा मुलूख

या भागाला घोडा नवा नाही. स्वराज्याचे सरनोबत हंबीरराव मोहिते कऱ्हाडजवळच्या तळबीडचे. मराठ्यांच्या घोडदळातली भीमथडीची तट्टं उंचीला बेताची, पण काटक आणि कमी चाऱ्यावर चालणारी. याच जातीची घोडी आजही धनगरांच्या वाड्याबरोबर संसार पाठीवर घेऊन चालतात. पाचगणीच्या टेबललॅण्डवर आणि वेण्णा लेकच्या काठी घोड्यांवर कित्येक घरं चालतात. नवी घोडी बघायची तर मंडळी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजचा घोडेबाजार गाठतात.

आता मुद्द्याचं. परदेशी मासिकांत दिसते तशी मागे घोड्याची ट्रेलर जोडलेली फॅमिली कार आपल्याकडे जवळपास दिसत नाही. आपला घोडा टेम्पोत नाहीतर पिकअपमध्ये उभा राहून प्रवास करतो. खाली गवताचा थर, बरोबर ओळखीचा माणूस आणि डॉक्टरांचा आरोग्य दाखला. म्हणजे तुमच्या गाडीनं घोडा ओढायचाच नाहीये. तिनं खोगीर, कोंड्याची पोती आणि गरज पडली तर नालबंदाला किंवा जनावरांच्या डॉक्टरांना रानातल्या तबेल्यापर्यंत पोचवायचंय. म्हणून ब्रोशरमधल्या टॉर्कच्या आकड्यापेक्षा मागची सीट काढल्या-दुमडल्यावर किती जागा उरते, ते बघा. आणि फिकट रंगाच्या सीट? विसरा!

मग घ्यायची कुठली?

मारुती जिम्नी : २०२३ मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी म्हणजे या यादीतलं भीमथडीचं तट्टू. रुंदी फक्त १६४५ मिलिमीटर, त्यामुळे उसाच्या ट्रॉलीला बिनधास्त वाट देते. वजनानं हलकी, लो रेंज गिअरही आहे. पण सीट चार, इंजिन फक्त पेट्रोल आणि मागची डिकी २०८ लिटरची. खोगीर ठेवलं की बॅगा मांडीवर.

थार : २०२० ची तीन दारांची ‘थार’ दिसायला झक्कास. पण मागे बसायला पुढची सीट सरकवून चढावं लागतं. आजी एकदा चढेल, दुसऱ्यांदा एसटीनं जाईन म्हणेल.

थार रॉक्स : ऑगस्ट २०२४ मध्ये आली आणि पाच दारांमुळे हा प्रश्न मिटला. पाच जण, भरपूर डिकी, भारत एनकॅपचे पाच स्टार. फोर बाय फोर मात्र डिझेलमध्येच, आणि रुंदी १८७० मिलिमीटर.

स्कॉर्पिओ-एन आणि गुरखा : घरात सहा-सात माणसं असतील तर या दोन. स्कॉर्पिओ-एन हायवेवर आरामशीर, पण तिसरी रांग भरली की सामानाला जागा नाही. पाच दारांची फोर्स गुरखा पुढचे-मागचे दोन्ही डिफरन्शिअल लॉक घेऊन येते, चिखलात पक्की. रोज पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये चालवायची असेल तर मात्र दोनदा विचार करा.

बोलेरो : इथली वडापची मंडळी वर्षानुवर्षं जीप, ट्रॅक्स आणि बोलेरोवर धंदा करत आलीत. साधी बोलेरो मागच्या दोन चाकांवरच चालते, पण तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजात दुरुस्त होते. घरापर्यंत डांबरी असेल तर एवढी पुरे. उरलेल्या पैशात चांगले टायर घ्या आणि घोडीसाठी पक्का गोठा बांधा!

टेस्ट ड्राइव्हच्या आधी

* रस्त्याचा शेवटचा किलोमीटर पावसाळ्यात बघा. डिसेंबरमध्ये सगळेच रस्ते शहाण्यासारखे वागतात.
* ‘लो रेंज’ आहे का विचारा. निसरड्या उतारावर ब्रेकवर पाय न देता, इंजिनच्या जोरावर सावकाश उतरता येतं ते यामुळेच.
* या यादीतल्या फोर बाय फोर कोरड्या डांबरावर टू-व्हीलमध्येच चालवायच्या. नाहीतर वळणावर पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होते आणि गिअरवर ताण येतो.
* ब्रोशरमध्ये थारची पाण्यातून जायची क्षमता ६५० मिलिमीटर लिहिलीय, पण तो आकडा साचलेल्या पाण्याचा. फरशी पुलावरून वाहणारं पाणी त्याहून कमी असलं तरी गाडी ढकलून नेतं. २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीकरांना हे सांगायला नको.
* कासच्या पठारावर गाडी घालणं हे ऑफ-रोडिंग नाही. २०१२ पासून तो जागतिक वारसा आहे. चाकाखाली फुलं जातात आणि पातळ मातीही.

फोर बाय फोरसाठी लाख-दोन लाख जास्त मोजायचे का, याचं उत्तर वीकेंडच्या फोटोंत सापडणार नाही. जुलैतल्या एखाद्या रात्री वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, तर वस्तीवरून कऱ्हाड किंवा मिरजेच्या दवाखान्याकडे जाणाऱ्या डांबरापर्यंत गाडी पोचेल का? तुम्ही तेव्हा पुण्यात असाल, म्हणजे ती चालवणार भाऊ, वहिनी नाहीतर शेजारचा पोरगा. तेव्हा टेस्ट ड्राइव्हला मित्रांना नको, त्यांनाच बोलवा. त्यांना चिखलात गिअर टाकायला सांगा, आजीला मागच्या सीटवर बसवा आणि मगच चेकबुक काढा.