मागच्या चाकाची आतली बाजू

जुनी गाडी घरात असली की तिच्याविषयी प्रत्येकाचं वेगळं मत असतं. आमच्याकडे अब्बांची १९८८ ची प्रीमिअर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीची, स्टीअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा असलेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ही गाडी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमची बाहेर पडली. आमची मात्र पनवेलला दारात उभी आहे.

अब्बा गेल्यानंतर भाईजानचं म्हणणं पडलं, विकून टाकू. धाकट्याचं म्हणणं, मागे रुंद टायर आणि चकचकीत अलॉय व्हील घालून ठेवू. अम्मीने दोघांचं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "ईदच्या आधी मला याच गाडीतून गावी जायचंय. तुमच्या अब्बांच्या कबरीवर दुआ मागायची आहे."

आमचं गाव खेड तालुक्यात. महामार्ग सोडला की वळणांचा, खड्ड्यांचा रस्ता. मागच्या सीटवर अम्मी, आपा आणि आपाची दोन मुलं बसणार. जुन्या टायरना बाजूने भेगा पडलेल्या. त्यामुळे टायर-रिमचा प्रश्न हौसेचा उरला नाही.

धाकट्याने एका दुकानात १४ इंची अलॉय व्हील पाहून ठेवली होती. एका नव्या गाडीवरून उतरवलेली, ६ इंच रुंद. सोबत १८५/६५ आर १४ टायर. दुकानदार म्हणाला, "बसतील की. घासलंच तर पत्रा ठोकून देऊ." या उत्तराने आमचं समाधान झालं नाही. पैसे देण्याआधी घरी मोजायचं ठरलं.

आधी उंची पाहिली. पद्मिनीचा मूळ टायर ५.२०-१४. रेडियलमध्ये त्याच्या जवळ जाणारं माप १५५/८० आर १४. त्याचा हिशोब सोपा आहे. १५५ चे ८० टक्के म्हणजे १२४ मिलीमीटर, ही टायरच्या भिंतीची उंची. वरची आणि खालची मिळून २४८. त्यात रिमचे ३५६ मिळवले की चाकाची उंची होते ६०४. दुकानातल्या टायरची याच रीतीने येते ५९६. म्हणजे उंचीत काही बिघडत नव्हतं. फरक रुंदीत होता: ३० मिलीमीटर जास्त, म्हणजे दोन्ही बाजूंना १५-१५.

हे १५ मिलीमीटर कुठे जाणार, ते बॅकस्पेसिंगवर ठरतं. रिम उलटी जमिनीवर ठेवायची, आतली बाजू वर. तिच्या ओठांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि पट्टीपासून खाली, रिमचा जो भाग ड्रमला टेकतो तिथपर्यंत अंतर मोजायचं. हेच बॅकस्पेसिंग. ते जास्त असेल तर चाक गाडीच्या आत सरकतं. कमी असेल तर बाहेर येतं. धाकट्याच्या रिमवर ईटी ३८ असं कोरलेलं होतं. ६ इंची रिम ओठापासून ओठापर्यंत साधारण ७ इंच भरते, तिचा मध्य साडेतीन इंचांवर. त्यात ३८ मिलीमीटर, म्हणजे दीड इंच मिळवला की बॅकस्पेसिंग ५ इंच.

पद्मिनीच्या मागच्या चाकाच्या आत पाट्यांची स्प्रिंग आहे. टायर तिला लागला तर टायरची भिंत कापली जाते, आणि ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. बाहेर मडगार्डची दुमडलेली कड आहे. या दोहोंमध्ये जेवढी जागा, तेवढ्यातच चाकाने राहायचं.

चाक काढताना जॅक ॲक्सलखाली लावला. बॉडीखाली लावला असता तर ॲक्सल लोंबकळलं असतं आणि माप खोटं आलं असतं. दुसऱ्या बाजूच्या चाकांना दगड लावले, ॲक्सलखाली स्टँड ठेवला. ड्रमवर लाकडी पट्टी धरून आत स्प्रिंगपर्यंत आणि बाहेर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर लिहून घेतलं. मग त्या रिम-टायरचा आकार जाड पुठ्ठ्यावर कापून जागेवर धरला. आत जेमतेम बोट शिरत होतं. डाव्या बाजूला तर तेही नाही, कारण तिथे जुन्या अपघातानंतर पत्रा बदललेला आहे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या म्हणून ते कळलं.

"आता आम्ही बसतो," आपा म्हणाली. जुनी चाकं परत चढवून, गाडी खाली उतरवून अम्मी, आपा आणि मुलांना मागे बसवलं. डिकीत तांदळाची गोणी ठेवली. मडगार्डची कड टायरच्या दिशेने चांगली दोन बोटं खाली आली. वळणावर गाडी एका अंगाला झुकली की आणखी येणार, खड्ड्यात त्याहून जास्त. धाकट्याने खाली वाकून स्वतः पाहिलं. मग तोच म्हणाला, "रिकाम्या गाडीत बसलं असतं. पण आपली गाडी रिकामी कुठे जाते?"

बोल्टच्या भोकांचंही तसंच. बऱ्याच फियाट गाड्यांत समोरासमोरच्या बोल्टमधलं अंतर ९८ मिलीमीटर असतं, बऱ्याच नव्या गाड्यांत १००. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. जोर लावला तर नट आवळलेही जातात, पण चाक मध्यावर बसत नाही. स्पेसर लावून चाक बाहेर काढावं म्हटलं, तर बेअरिंगवर ताण येतो आणि टायर मडगार्डच्या कडेला जातो.

शेवटी मूळच्या लोखंडी रिम सरळ करून, रंगवून घेतल्या. १५५/८० आर १४ रेडियल ट्यूबसह बसवले. चारही एकाच जातीचे, कारण जुने क्रॉस-प्लाय आणि रेडियल एकाच ॲक्सलवर मिसळायचे नसतात. घेताना टायरवरचे चार आकडे वाचले. '३२२४' असेल तर तो २०२४ सालच्या ३२ व्या आठवड्यातला. जुन्या मापाचे टायर दुकानात वर्षानुवर्षं पडून असतात, म्हणून हे पाहावंच लागतं. वजन पेलण्याचा आकडाही मूळ टायरपेक्षा कमी नाही ना, ते पाहिलं. धाकट्याने आपली हौस व्हील कॅपवर भागवली. दोन दिवस घासून त्या आरशासारख्या केल्या.

ईदच्या आठवडाभर आधी गावी गेलो. भाईजान चालवत होता. शंभर किलोमीटर झाल्यावर थांबून नट पुन्हा आवळले, हात फिरवून टायरच्या आतल्या भिंती पाहिल्या. कुठेही घासल्याची खूण नव्हती. कब्रस्तानच्या फाटकापर्यंत गाडी गेली, अम्मीला चालावं लागलं नाही.

गाडी विकायची गोष्ट त्यानंतर निघालेली नाही. ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी आहे, त्यांनी दुकानात जाण्याआधी घरातली माणसं मागच्या सीटवर बसवून माप घ्यावं. पट्टी, पुठ्ठा आणि एक दुपार, एवढंच लागतं.