वासाचा डबा

मुलांनो, मधल्या सुट्टीत कुणी डबा उघडला की 'शीः! वास येतोय!' असं तुम्ही कधी म्हटलंय का? खरं सांगा हं! मी काही रागावणार नाही.

सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी चौथीचा वर्ग शिकवते. आमच्या शाळेत पोषण आहाराचा भात असतो, पण काही मुलं घरची भाकरी-भाजीही आणतात. परवा एक मुलगी भिंतीकडे तोंड करून, डब्याचं झाकण अर्धवट लावून जेवत होती. डब्यात मुळ्याच्या पाल्याची भाजी होती. दोघांनी नाकं धरली होती. ते पाहून माझ्या पोटात कालवलं. कारण ती मुलगी एकेकाळी मीच होते!

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळ कृष्णाकाठी. आमच्या मळ्यात मुळा असायचा. पाचवीत असताना मैत्रिणी हसल्या, म्हणून मी मुळ्याची भाजी रोज येता-येता ओढ्यात टाकून द्यायची. एके दिवशी आई ओढ्यावर धुणं धूत होती. तिनं पाहिलं. ती बोलली काहीच नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात बटाट्याची भाजी आली. बटाटे विकत आणावे लागत. ते दुधाच्या पैशातून यायचे आणि आई मात्र मुळाच खायची. हे मला फार उशिरा कळलं.

त्या मुलीजवळ बसून मी म्हटलं, "मला घासभर देतेस का गं?" तिनं आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि मग डबा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात मुळा नेला आणि सांगलीच्या मंडईतून मुद्दाम आणलेला सलगमही. सलगम आपल्याकडे फारसा दिसत नाही. पंजाब-काश्मीरकडे त्याची भाजी आवडीनं खातात. खाली पांढरा, वर जांभळा! जो भाग मातीबाहेर उन्हात राहतो, तोच जांभळा होतो. मुळा, सलगम, कोबी, नवलकोल ही सगळी मोहरीच्या कुळातली भावंडं.

मग दोन्ही चिरले. "बाई, आता वास यायला लागला!" पोरं ओरडली. मी म्हटलं, "तेच तर बघायचंय!" या भाज्यांत दोन पदार्थ वेगवेगळे साठवलेले असतात. चिरलं किंवा चावलं की ते एकत्र येतात आणि तिखट वास तयार होतो. किडींपासून बचाव करायची ही झाडाची युक्ती आहे. म्हणजे तो वास घाणीचा नव्हे!

आणि गुण ऐका. १०० ग्रॅम कच्च्या सलगममध्ये सुमारे २० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. उष्मांक असतात अवघे २८ च्या आसपास. बटाट्यात याच्या अडीचपटीहून जास्त! तंतू असल्यानं पोट साफ राहायला मदत होते. पण खरी गंमत पाल्यात आहे. सलगमच्या पाल्यात त्याच्या गड्ड्याच्या साधारण सहापट कॅल्शियम असतं. मुळ्याचा पालाही असाच गुणाचा. त्यात लोहही असतं. भाजीवर लिंबू पिळलं, तर ते लोह अंगी लागायला मदत होते. क जीवनसत्त्व मात्र फार शिजवल्यानं कमी होतं, म्हणून मुळ्याच्या चार चकत्या कच्च्याही खाव्यात. औषध म्हणून नव्हे हं, रोजच्या जेवणातली एक भाजी म्हणून.

माझी आई शाळा शिकलेली नाही. पण ती म्हणायची, "पाला टाकू नगं गं, सारं सत्त्व त्यातच असतंय." गेल्या दिवाळीत मी तिला ओढ्याची आठवण काढून 'चुकलं' म्हटलं. ती हसली आणि येताना पिशवीत मुळ्याची जुडी घातली, पाल्यासकट!

वर्गातल्या सगळ्यांनाच भाजी आवडली असं नाही. एकानं तर तोंड वाकडं केलं. पण नाक कुणी धरलं नाही. त्या मुलीनं झाकण बाजूला ठेवलं होतं.

तर मुलांनो, एवढं कराल ना? कुणाच्या डब्याचा वास वेगळा वाटला, तर नाकाला हात लावण्याआधी विचारा, "मला घासभर देतोस का रे?"