मोहाचं घराणं

मोह दिवसाउजेडी फारसं काही देत नाही. फाल्गुनात पानं झडून अंग उघडं पडलं की फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस धरतात, आणि रात्र सरता सरता एकेक फूल खाली येतं. पिवळसर, जाड, रसानं चिकट, गोड. त्याचा हा स्वभाव ठाऊक असल्यानं आदिलाबाद जिल्ह्यात उटनूर, इंद्रवेल्लीकडच्या गोंड बाया झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा साफ करतात आणि उजाडायच्या आत टोपल्या घेऊन पोचतात. उशीर झाला तर अस्वल येऊन गेलेलं असतं.

फ्रान्समध्ये कोन्याकच्या परिसरात मार्टेल घराणं 1715 पासून आणि हेनेसी 1765 पासून ब्रँडी करत आलं. द्राक्षाची वाइन तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळायची, ओकच्या पिंपात निदान दोन वर्षं मुरवायची आणि बाटलीवर घराण्याचं नाव घालायचं. आदिलाबादच्या रानात घराणं मोहाचं आहे. माणसं पिढ्यान् पिढ्या त्याच्या हाताखाली दारू गाळायला शिकली.

वाळून मनुकांसारखी झालेली फुलं पाण्यात भिजत घालतात. काही दिवसांत ती आंबून फसफसू लागतात. मग मडक्यावर मडकं, सांध्यांना मातीचा लेप, खाली मंद जाळ. वाफ गार होऊन धार लागते. जाळ केव्हा ओढायचा, धार केव्हा पातळ पडली, हे नाक आणि जीभ सांगते. हे ज्ञान कुठल्याही कोन्याकवाल्याच्या ज्ञानाच्या तोडीचं आहे, असं मी मानतो. पिंपात मुरवणं मात्र इथे नाही. मोहाची ताजीच पितात, आणि त्याआधी थोडी पेनाच्या, म्हणजे देवाच्या, नावानं जमिनीवर सांडतात. जन्म, लग्न, मरण, कुठलंही कार्य तिच्यावाचून पुरं होत नाही.

पण मोह नुसता दारूचा नव्हे. टंचाईच्या दिवसांत हीच फुलं भाजून, शिजवून माणसं जगली. बियांचं तेल निघतं. उटनूरच्या आदिवासी महिला आता फुलांचे लाडू करतात.

सरकारनं मात्र त्याच्याकडे बराच काळ संशयानं पाहिलं. इंग्रजांनी 1892 च्या कायद्यानं ठाणे-कुलाब्यात मोहफुलं बाळगण्यावरच बंधनं घातली. महाराष्ट्रात फुलांच्या संकलनावरची आणि वाहतुकीवरची बंधनं उठायला 2021 उजाडलं. आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा तालुके 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, त्यामुळे ही गोष्ट पैनगंगेच्या दोन्ही काठांची आहे. दारूनं घरं बसली हे खरं, आणि ते दुःख बायांनीच जास्त सोसलं. तरी गुळात नवसागर मिसळून केलेला गुडुंबा आणि मोहाची धार यांना एकाच पंगतीत बसवणं हा अन्याय आहे.

कोन्याकच्या द्राक्षवेली 19व्या शतकात फायलोक्सेरा किडीनं उद्ध्वस्त केल्या. तिथल्या लोकांनी नव्यानं कलमं लावून त्या उभ्या केल्या. मोहाचं तसं चटकन होत नाही. रोप लावल्यावर फुलं यायला दहाएक वर्षं लागतात. म्हणून पैनगंगेच्या या किंवा त्या काठाला ज्यांचं शेत आहे, त्यांना एवढीच विनंती: बांधावरचा मोह तोडू नका.