मध्यम दाखल्याचा अर्ज

महाराष्ट्रातील एका शासकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षी मी औषधशास्त्रात नापास झालो होतो, आणि ती नोंद, गुणपत्रिका जेथे जेथे जाईल तेथे तेथे माझ्या आधी पोहोचत, अखेर अमेरिकेतही आली. येथे इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी पुरी होण्यापूर्वीच पुढील विशेष शाखेच्या फेलोशिपसाठी अर्ज करावा लागतो. त्यातही हृदयरोग आणि गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी या शाखांकडे उमेदवारांचा ओढा फार, जागा मोजक्या, आणि अर्ज वाचणारी मंडळी दिवसभर रुग्ण तपासून मग दफ्तर उघडणारी. अशा दफ्तरात सामान्य गुणांच्या, दोनच शोधनिबंधांच्या, मोठ्या विद्यापीठाचा शिक्का नसलेल्या अर्जावर नजर किती वेळ ठरेल, याची मला कल्पना होती. २०२२ च्या जानेवारीपासून परवाना-परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण कळविणे बंद होऊन केवळ उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळवू लागले. माझी परीक्षा त्याआधीची, म्हणून तो बेताचा तीन आकडी गुणांकही अर्जात आहेच.

अर्जासोबत एक आत्मनिवेदन जोडायचे असते. त्याच्या पहिल्या मसुद्यात, नापास झाल्याचा खुलासा म्हणून, मी वडिलांच्या आजारपणाविषयी सविस्तर लिहिले होते. आजारपण खरे होते; त्या वर्षी दर शनिवारी एस.टी.ने घरी जात होतो हेही खरे. परंतु परीक्षा आली तोवर वडील बरे होऊन कामावर रुजू झाले होते, आणि मी नापास झालो तो अभ्यास न केल्यामुळे. मूळच्या कऱ्हाडच्या, गेली वीस वर्षे गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीत, म्हणजे मला हव्या असलेल्या शाखेतच, काम करणाऱ्या एका वडीलधाऱ्या डॉक्टर बाईंना मी तो मसुदा वाचायला दिला. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "बाबा बरे कधी झाले रे?" मी महिना सांगितला. "मग हे त्यांच्यावर कशाला टाकतोस? कुणी विचारलं तर एका वाक्यात खरं कारण सांग. आणि तुझी ती निळी वही आहे ना, तिच्याबद्दल लिही."

त्या वहीची हकीकत अशी. रेसिडेन्सीच्या पहिल्या हिवाळ्यात पहाटे तीनच्या सुमारास, यकृत निकामी होत आलेला एक ट्रकचालक रक्ताची उलटी करीत आमच्याकडे आला. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटल्या होत्या; दुर्बीण आत गेली तेव्हा पडद्यावर त्या निळसर, पीळ पडलेल्या दोरांसारख्या दिसल्या, आणि एकेका शिरेचा फुगवटा दुर्बिणीच्या टोकाशी ओढून घेऊन त्यावर रबरी कडे बसवता बसवता रक्त थांबले. पाचव्या दिवशी तो दगावला, रक्तस्रावाने नव्हे, जंतुसंसर्गाने. यकृताच्या अशा रुग्णाला रक्तस्राव होताच प्रतिजैविक सुरू केल्यास संसर्ग आणि मृत्यू दोन्ही घटतात, हे ग्रंथांत छापलेले होते. त्या रात्री रक्ताच्या पिशव्यांच्या धावपळीत ते कित्येक तास राहून गेले, आणि ते लिहायचे काम माझे होते. तेव्हापासून अशा प्रत्येक रुग्णाची, नाव न घालता, मी वहीत नोंद ठेवू लागलो: दाखल झाल्याची वेळ, प्रतिजैविकाची वेळ, दुर्बिणीची वेळ. पुढे त्या रकान्यांच्या आधारे आमच्या रुग्णालयाने रक्तस्रावाच्या ठरीव औषधयोजनेतच प्रतिजैविकाचा समावेश केला. आता ते कोणाच्या आठवणीवर अवलंबून नाही. औषधशास्त्र मी शिकलो असेन तर ते या वहीत, आणि गुणपत्रिकेत त्याला जागा नाही. आत्मनिवेदनात आहे, ती मी त्याला दिली.

मुलाखती संपल्यावर उमेदवार आपल्या पसंतीची क्रमवार यादी देतो, संस्था आपली देतात, आणि दोहोंचा मेळ गणिताने घातला जातो. १९६२ मध्ये डेव्हिड गेल व लॉइड शॅपली यांनी मांडलेल्या, आणि पुढे ॲल्विन रॉथ यांनी डॉक्टरांच्या नेमणुकांसाठी नव्याने घडविलेल्या या रीतीत (शॅपली आणि रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले) आरंभ उमेदवाराच्या पसंतीपासून होतो. त्यामुळे आवाक्याबाहेरची संस्था वर लिहिल्याने खालच्या संस्थेतील संधी तिळमात्र कमी होत नाही, आणि खरी पसंती खऱ्या क्रमाने लिहिणे हेच उमेदवाराच्या हिताचे ठरते. हे ठाऊक असूनही माझा हात अडखळला. कारण मध्यम गुणांच्या माणसाला आपली इच्छासुद्धा बेताची करून मागण्याची सवय लागलेली असते, आणि ती सवय, माझ्या मते, कमी गुणांहून अधिक नुकसान करते.

काल रात्री, मुदतीच्या दोन दिवस आधी, यादी दाखल केली. यकृताच्या रुग्णांचे मोठे काम जेथे चालते, ती संस्था पहिल्या क्रमांकावर आहे. निकाल डिसेंबरच्या आरंभी लागेल.