निपाणीहून सौंदत्तीला, चौंडक्याच्या मागोमाग

पुण्याहून बेळगावला जाताना निपाणीला आत्याकडे मुक्काम करायचा, हे आमच्या घरात लहानपणापासून ठरलेलं. कोल्हापूर मागे पडलं की पाऊण-एक तासात निपाणी येतं. वखारींतल्या तंबाखूचा उग्र वास नाकात शिरला की बॅगा आवरायला घ्यायच्या.

यंदा माघात गेले तेव्हा कानात इअरफोन होते आणि त्यात ‘द पोग्ज’ वाजत होते. १९८२ मध्ये लंडनमध्ये जमलेला हा बँड. आयरिश लोकगीतांच्या चाली त्यांनी पंकच्या वेगात आणि धसमुसळेपणात वाजवल्या. गळा गोड हवा, कपडे नीट हवेत, असले नियम पंकवाल्यांनी कधीच मानले नाहीत. आपल्या मराठीत असा एखादा विक्षिप्त बँड का नाही, अशी माझी जुनी तक्रार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं स्वयंपाकघरातून हाक मारली, “अगं, यल्लम्माचा मेळा आलाय दारात. परडीत तांदूळ घालून ये जा.”

दारात पाच जण उभे होते. पुढच्या व्यक्तीनं हिरवं लुगडं नेसलेलं, कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ. डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवून मोरपिसांनी सजवलेली टोपली. तिला हात न लावता पाय ठेक्यात पडत होते. आवाज मात्र भरदार पुरुषी, वरच्या पट्टीत गेला की फाटणारा. सगळे तिला ‘आक्का’ म्हणत होते. हे जोगते. पुरुषाचं शरीर घेऊन जन्मलेले, पण देवीच्या नावानं लुगडं नेसून बाईसारखं जगणारे. कन्नडमध्ये त्यांना जोगप्पा म्हणतात.

मागे तुणतुणं होतं, झांज होती. पण मला खिळवून ठेवलं चौंडक्यानं. लाकडाचं नळकांडं, खालच्या तोंडाला कातडं आणि कातड्याच्या मधोमध ओवलेली तात. नळकांडं बगलेत धरायचं, तातेचं दुसरं टोक मुठीत ओढून धरायचं आणि दुसऱ्या हातानं ती छेडायची. मूठ ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. पेटीसारखे सुटे सूर नाहीतच, सगळे घसरत येणारे. एकाच वाद्यात ठेकाही आणि हुंकारही. एखादा माणूस बोलता बोलता हुंदका गिळतोय, असं काहीसं ते ऐकू येतं. गाण्याचं कडवं मराठीत सुरू झालं आणि कन्नडमध्ये संपलं. १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्यावरून इथं आजही वाद पेटतात. गाण्याला मात्र दोन्ही भाषा लागतात.

इअरफोन मी खिशात टाकले. “आत्या, माझा बँड सापडला!” मी म्हटलं. आत्या हसली. “मग चल उद्या डोंगरावर. पौर्णिमा आहे.”

बेळगावला चहा आणि कुंदा झाला आणि आम्ही सौंदत्तीचा रस्ता धरला. रस्ताभर ट्रॅक्टर, टेम्पो आणि सजवलेल्या बैलगाड्या एकाच दिशेनं चालल्या होत्या. निम्म्या गाड्या कोल्हापूर-सांगलीकडच्या. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला जमदग्नी मारले जातात आणि यल्लम्मा म्हणजे रेणुका विधवा होते, म्हणून ती ‘रांडाव पुनव’. माघात तिचं अहेवपण परत येतं, ती ‘अहेव पुनव’. जोगळभावीच्या कुंडावर आंघोळी करून लोक वर चढत होते. भंडाऱ्यानं रस्ता पिवळा झाला होता आणि लांबवर मलप्रभेच्या धरणाचं पाणी चमकत होतं.

रात्री डोंगरावर प्रत्येक गावाच्या मेळ्यानं आपापलं रिंगण धरलं. दहा पावलांवर दुसरं रिंगण, त्याचा ठेका वेगळा, पट्टी वेगळी. मधे उभं राहिलं की चार गाणी एकमेकांत शिरतात. चार्ल्स आइव्हज नावाच्या अमेरिकन संगीतकारानं दोन बँड एकाच वेळी वेगवेगळं वाजवत असल्याचा परिणाम आपल्या रचनांत आणला, आणि त्याची गणना काळाच्या पुढच्या संगीतकारांत झाली. इथं ते दर पौर्णिमेला आपोआप होतं.

निपाणीची आक्का तिथं भेटली. चहाचा कप हातात देत मी विचारलं, “आक्का, हे वाजवायला कुठं शिकलात?”

“शिकायचं कसलं, बाळ? केसात जट आली. घरच्यांनी गळ्यात दर्शन घातलं. मग हातात हे आलं.” तिनं चौंडकं बगलेत सरकवलं. “बारा वर्षांची असेन.”

मला पुढं काही विचारता आलं नाही. परतताना गाडीत आत्याच बोलली. केस न विंचरल्यानं, न धुतल्यानं गुंता होतो, त्याला देवीचं बोलावणं म्हणायचं आणि लेकरू देवीला सोडायचं. मुलगी असेल तर ती जोगतीण. लग्न नाही, आणि पुढं गरिबी तिला कुठं नेते हे सगळ्या गावाला माहीत. मुंबई इलाख्यानं १९३४ मध्येच याविरुद्ध कायदा केला, कर्नाटकानं १९८२ मध्ये. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांत हे जगणं मांडलं, ‘जोगवा’ चित्रपटानं ते घराघरांत पोचवलं.

“तुझ्या त्या गोऱ्या पोरांनी आपणहून केस विस्कटले,” आत्या म्हणाली. “हिला कुणी विचारलं होतं का?”

बेळगाव येईपर्यंत मी गप्प होते. जे मला बंडखोरी वाटलं, ते आक्काच्या वाट्याला न विचारता आलेलं होतं. तरीही त्या रात्री रिंगणात ती गात होती, तेव्हा ती कुणाची दया मागत नव्हती, हेही मी पाहिलं होतं. बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती याच वाटेनं चालून कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. २०२१ मध्ये पद्मश्री घेताना त्यांनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. लेकरं देवीला सोडणं थांबायलाच हवं. पण ते वाजवणं आणि गाणं टिकायला हवं असेल, तर ज्याला शिकावंसं वाटेल त्यानं आपणहून शिकायला हवं. मग तो जोगत्या असो, की पुण्यातली गिटार वाजवणारी माझ्यासारखी मुलगी.

मी डोंगरावर केलेलं रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे. आक्काला न विचारता केलेलं, म्हणून अजून कुणाला पाठवलेलं नाही. पुढच्या माघात निपाणीला जाईन तेव्हा आधी तिला ते ऐकवणार आहे. आणि जमलं तर चौंडकं कसं धरायचं, तेही विचारणार आहे.