पाड्यावर येणाऱ्या नव्या संगणकास

संगणका,


तू बहुधा नाशिकहून निघशील, त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याने मोखाड्यात किंवा जव्हारला उतरशील आणि पुढे जीपने पाड्यावर येशील. दुकानदार म्हणेल, ‘सगळं सॉफ्टवेअर टाकून देतो, घरी नेऊन फक्त चालू करा.’ माझे मागणे वेगळे आहे. तुझी पहिली सुरुवात घरच्यांच्याच हातून व्हावी. दुसऱ्याने लावून दिलेल्या यंत्राचा पासवर्ड पुष्कळदा त्याच्यापाशीच राहतो, विंडोजही कधी कधी चोरीची निघते, आणि जरा अडले की पुन्हा भाडे खर्चून तीच वाट धरावी लागते.

आधी जागा. इथला पाऊस जून ते सप्टेंबर नुसता झोडपतो. गळक्या कौलाखाली, ओल धरणाऱ्या भिंतीला टेकून तुला ठेवू नये. प्लग तीन पिनांचा हवा आणि त्यामागे खरेखुरे अर्थिंग हवे. बोर्डाला तिसरे भोक असले म्हणजे तार जोडलेली असतेच असे नाही. वायरमनकडून ते तपासून घ्यावे, मगच तुला घरी जोडावे. वीज सारखी जाते, म्हणून यूपीएस लागेल. काम जतन करून तुला नीट बंद करावे एवढीच मिनिटे तो देतो. त्याच्या जोरावर सिनेमा पाहत बसू नये. आभाळात कडाडू लागले की नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढावा.

मग तू विचारशील, नेट कुठे आहे? विंडोज ११ची होम आवृत्ती पहिल्या सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. दरीतल्या पाड्यावर रेंज अंगणाच्या एखाद्याच कोपऱ्यात येते, आणि पहिले अपडेट काही जीबींचे असू शकते. तेव्हा ही पायरी जव्हारला नातेवाइकांकडे उरकावी, पण बटणे घरच्यांनीच दाबावीत. खाते घरच्याच माणसाच्या नावाने काढावे आणि पासवर्ड वहीत लिहून ती वही रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावी.

त्यानंतर लगेच मराठी कळफलक. इन्स्क्रिप्ट हा कळफलक १९८६ साली तयार झाला आणि १९९१ला भारतीय मानकात आला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. मुळाक्षरे पाठ असलेल्या मुलाला ही मांडणी चटकन उमगते. लिहायचे ते युनिकोडमध्येच. जुन्या फॉण्टात टंकलेला अर्ज तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की अक्षरांच्या जागी नुसती खुणांची गर्दी दिसते.

यापुढच्या गोष्टीची मला सर्वांत जास्त कळकळ आहे. जातीचा दाखला, त्याचे वैधता प्रमाणपत्र, २००६च्या कायद्याखालचा वनहक्काचा दावा, मुलांच्या गुणपत्रिका हे सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात शिष्यवृत्तीसाठी गेले की त्यातलाच एखादा कागद वाळवी लागलेला निघतो. गाण्यांच्या आणि खेळांच्या आधी तुझ्यात या कागदांचे स्वच्छ फोटो भरावेत. प्रत्येक फाइलला मराठीत नाव द्यावे, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर वेगळ्या घरी ठेवावी. दिवाळीनंतर अख्खे घर मजुरीसाठी वीटभट्टीवर जाते आणि तू महिनोन् महिने बंद पडून राहतोस. जाण्याआधी ती प्रत ताजी करून घ्यावी.

शेवटची विनंती तुला बनवणाऱ्यांना आहे. नेट नसले तरी पहिली सुरुवात पूर्ण करता यावी, आणि तो पर्याय पहिल्याच पडद्यावर मराठीत ठळक दिसावा. मोखाड्याच्या घरानेही तुझी किंमत पूर्ण मोजलेली असते.

आपली,
जव्हारची एक शिक्षिका