गार्सिया द ओर्ताचं देणं

द्रव्यगुण हा विषय मी उभं आयुष्य शिकवला. वनस्पती ओळखायची, तिचा कोणता भाग औषधाला घ्यायचा ते सांगायचं, रस-वीर्य-विपाक पाठ करून घ्यायचे. या वाटेवर मला गुरू पुष्कळ भेटले. त्यांतल्या एकाचं ऋण मात्र मला कायम वेगळं जाणवत आलं. तो आयुर्वेदाचा नव्हता, त्याला संस्कृत येत नव्हतं आणि माझ्या जन्माच्या जवळजवळ चारशे वर्षं आधी तो गोव्यात वारला होता. गार्सिया द ओर्ता त्याचं नाव.

त्याची गाठ घालून दिली आमच्या सरांनी. पदव्युत्तर अभ्यासाला माझा विषय होता संदिग्ध द्रव्यं. रास्ना म्हणून एका प्रांतात एक मूळ विकतात, दुसऱ्या प्रांतात भलतंच. अशा द्रव्यांची खरी ओळख पटवायची. मी निघंटूंतले दाखले जुळवून पानंच्या पानं भरत होते. सर वाचायचे आणि एवढंच विचारायचे, “हे तू पाहिलंस का?” मग एकदा त्यांनी मार्कहॅम यांनी केलेलं ओर्ताच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, “आधी हे वाच, मग काष्ठौषधींच्या दुकानात जा.”

ओर्ताचा जन्म पोर्तुगालमधल्या काश्तेलु द व्हीद या गावी, 1501च्या सुमाराला. आईवडील स्पेनमधले ज्यू. 1492मध्ये तिथून हाकलले गेले आणि पुढे पोर्तुगालमध्ये सक्तीनं ख्रिस्ती झाले. सालामांका आणि आल्काला इथं तो वैद्यक शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. 1534मध्ये मार्तिम आफोंसु द सोझा या दर्यासारंगाबरोबर जहाजानं गोव्याला आला आणि परत गेलाच नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ऊठबस होती. तिथल्या हकिमांशी तो वाद घाले आणि औषधांची अरबी नावं त्यांच्याकडून समजून घेई. 1563मध्ये गोव्यातच त्याचं पुस्तक छापलं गेलं: हिंदुस्थानातल्या वनस्पती आणि औषधांविषयीचे संवाद. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. पुस्तकात छपाईच्या चुका भरपूर आहेत. लुईश द कामोंइश या महाकवीची छापून आलेली पहिली कविता याच पुस्तकाच्या सुरुवातीला आहे, हे साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक असतं. मला मात्र त्यातली चिंच भेटली.

युरोपातल्या कित्येक ग्रंथकारांचा समज होता की चिंच ही खजुराचीच जात. अरबी नावाचा अर्थच मुळी ‘हिंदी खजूर’. ज्यांनी झाड पाहिलं नव्हतं ते नावावर विसंबले. ओर्तानं झाड पाहिलं होतं. त्यानं फांदी, पान, शेंग यांचं वर्णन केलं आणि जाता जाता आणखी एक गोष्ट नोंदवली: रात्री या झाडाची पानं मिटतात आणि फळाला झाकून घेतात. हे वाचलं त्या संध्याकाळी मी वसतिगृहामागच्या चिंचेखाली जाऊन उभी राहिले. दिवस कलला तशा समोरासमोरच्या पर्णिका हळूहळू एकमेकींकडे वळू लागल्या. देठाशी असलेल्या बारीकशा गाठीतून प्रत्येक पर्णिका वळत होती, आणि काळोख पडेपर्यंत सगळं पान नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखं झालं. ती चिंच मी रोज पाहत होते. तिचं पान निजतं हे मला चारशे वर्षांपूर्वीच्या एका परदेशी माणसानं दाखवलं.

असं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिणं त्या काळी सोपं नव्हतं. वैद्यकात गेलन आणि डायोस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक वैद्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. ओर्ताच्या पुस्तकात त्याचा पाहुणा रुआनो हा युरोपातून नुकताच आलेला पढिक वैद्य आहे, ओर्तानंच कल्पिलेला. रुआनो सारखा ग्रंथांची साक्ष काढतो. ओर्ता त्याला सांगतो की या नावांचा धाक मला घालू नकोस. आपण स्पेनमध्ये असतो तर ग्रीकांविरुद्ध बोलायला धजलो नसतो, हेही तो मोकळेपणानं कबूल करतो. पटकीच्या प्रकरणात, आपल्याकडे मोडशी म्हणत त्या रोगाचं वर्णन करताना, तो रुग्णाची बुडत जाणारी नाडी आणि काही तासांत येणारा मृत्यू जसा पाहिला तसा लिहितो. आशियातल्या पटकीचं युरोपीय वैद्यानं केलेलं हे अगदी सुरुवातीचं वर्णन आहे. मी विद्यार्थ्यांना ते नेहमी वाचून दाखवत असे, कारण रोग्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचा हात त्यात जाणवतो.

मुंबईकरांनी तर त्याची आठवण ठेवायलाच हवी. मुंबई बेट पोर्तुगीज राजाकडून भाडेपट्ट्यानं त्याच्याकडे होतं. त्या बेटावरच्या आपल्या एका आंब्याबद्दल तो कौतुकानं सांगतो: या झाडाला वर्षातून दोनदा फळं येतात, एकदा नाताळाच्या सुमाराला आणि एकदा मेच्या अखेरीस. आज त्या बेटावर फोर्टच्या दगडी इमारती आहेत.

माझ्यावरचं खरं ऋण मात्र या माहितीचं नाही. ओर्ताच्या पुस्तकात माणसं आहेत. मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन आपलं मत देतो. पारिजातकाच्या प्रकरणात सूर्यावर प्रेम करणाऱ्या राजकन्येची इथली दंतकथा येते आणि फुलाच्या केशरी देठांनी अन्नाला रंग देतात ही स्वयंपाकघरातली गोष्टही येते. आणि अंतोनिया येते. अंतोनिया ही घरात राबणारी मुलगी. बोलणं चालू असताना ओर्ता तिला हाक मारतो, ती झाडाची डहाळी किंवा फळ आणून समोर ठेवते, आणि मग दोन वैद्यांची चर्चा पुढे सरकते. त्या काळच्या गोव्यात घरकामाला बहुतांशी गुलाम असत. तिचं आयुष्य कसं गेलं हे पुस्तक सांगत नाही. पण नमुना हातात आल्याशिवाय पंडितांची चर्चा पुढे जात नव्हती, हे त्या पानांवर स्वच्छ दिसतं. म्हणून पुढे मी वनस्पतिसंग्रहाच्या वहीत एक रकाना वाढवला: कोणी दाखवली. त्यात कातकरी बायांची नावं आली, दुकानदारांची आली, एकदा एका विद्यार्थिनीच्या आजीचं आलं.

1567मध्ये क्लुसियस या थोर वनस्पतिशास्त्रज्ञानं अँटवर्पमध्ये या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप काढला आणि ओर्ताचं ज्ञान साऱ्या युरोपभर पोचलं. क्लुसियसनं मोठं काम केलं, पण संवाद काढून टाकले. औषधं राहिली, अंतोनिया गेली. पुढे तीनशे वर्षं जगानं ओर्ताला मुख्यतः असंच वाचलं. 1891पासून काउंट फिकाल्यु यांनी मूळ पोर्तुगीज पुस्तक टिपांसह पुन्हा काढलं, मार्कहॅम यांचं भाषांतर 1913मध्ये आलं, आणि त्यामुळे ते घर माझ्यापर्यंत बोलतंचालतं पोचलं. त्या दोघांचंही माझ्यावर ऋण आहे.

पुस्तक छापलं गेलं तेव्हा इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, गोव्यात येऊन तीन वर्षं झाली होती. ओर्ताची आई आणि दोन बहिणी लिस्बनमध्ये तुरुंगवास भोगून 1549मध्ये त्याच्याकडे आल्या होत्या. 1568मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आलं. आपला भाऊ गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता, हे तिच्याकडून चौकशीत वदवून घेण्यात आलं. 1580मध्ये ओर्ताची हाडं उकरून तीही जाळली.

हे कळल्यावर मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. गोव्यातल्या त्या घरात गुजराती व्यापारी, हकीम, वैद्य, मोलकरीण, ज्याचा त्याचा आवाज ऐकू येतो. कोणी काय सांगितलं ते ओर्ता चोख लिहितो. आपल्या आईच्या घरी कोणती प्रार्थना होत होती, याविषयी त्याला एक अक्षरही लिहिता आलं नाही.